उत्तर: आज रात्री अरोरा (ध्रुवीय प्रकाश)? आमरस लवकर आटपा

शुक्र. १० मे २०२४, संध्या. ५.१०
सिएटलकर मंडळी, अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा. दुपारी चारच्या सुमाराला नोआ या अमेरिकी हवामान संस्थेने जी-५, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचं भूचुंबकीय वादळ, जाहीर केलं. याआधीचं जी-५ ऑक्टोबर २००३ मधलं, तेव्हा आपल्यातले निम्मे इथे आलेही नव्हते. ३६६४ क्रमांकाच्या सौरडागांतून एकामागून एक सुटलेले तप्त, चुंबकीय वायूचे लोट आज येऊन आदळतायत. आकाश निरभ्र, चंद्र तिजेचा, नखाएवढी कोर. अंगणातले दिवे मालवून साडेदहाला बाहेर या.
– सचिव

५.४०
काका, ॲपवर केपी ९ (चुंबकीय खळबळीचा सर्वांत वरचा आकडा) दिसतोय. आम्ही स्नोक्वाल्मी पासच्या घाटात निघतोय. बरोबर ना?
– बॉथेलहून

५.५५
अगं, केपी तीन तासांचा असतो, म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड. बीझेड बघ, म्हणजे सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताच्या) चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग. तो चांगला उणे झाला, की सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट दिशेला असतं, आणि त्याला आत यायला दार उघडतं. अधिकमध्ये गेला तर खुशाल चहा टाका. पासला गर्दी होईल, आधीच सांगतो.
– सचिव

१०.५५
उत्तरेला काय बघत बसलात! मान वर करा!! डोक्यावर, जरासं दक्षिणेला, एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे किरण फुटलेत. सासूबाई आधी म्हणाल्या, "ढगच आहेत." मग त्यांनाच त्यातून आरपार तारे दिसले. डोळ्यांना राखाडी, मधूनच गुलाबी. फोन कठड्यावर टेकवून नाइट मोडमध्ये तीन सेकंद धरला, तर गर्द जांभळा. आता त्या शाल गुंडाळून अंगणातच बसल्यात, आत यायला तयार नाहीत.
– रेडमंड

११.५०
आम्ही अजून हायवेवर. पुढे मैलभर टेललाइट. लाल रंग तेवढा मुबलक.
– बॉथेलहून (काका, बोलू नका)

शनि. सकाळी ९.२०
आईचा पुण्याहून फोन. लडाखला हानलेच्या वेधशाळेतून लाल उजेड दिसला म्हणे, मग पुण्याने काय घोडं मारलंय?
– केंट

९.४५
हिरवा रंग साधारण शंभर किलोमीटरवर तयार होतो, लाल दोनशेच्या वर. लांबून बघताना हिरवा क्षितिजाखाली बुडतो, लाल तेवढा डोकावतो. डोंगराआडच्या देवळाचा नुसता कळस दिसावा, तसं. पुणं आणखी चौदा अंश दक्षिणेला, तिथून कळसही बुडाला. लाल इतक्या उंचावरच का? ऑक्सिजनच्या अणूला तो प्रकाश टाकायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खाली हवा दाट, तेवढ्या वेळात शेजारी धडकून त्याची ऊर्जा काढून घेतो.
– सचिव

१०.१५
आज कुठेही जाणार नाही. अंगणात खुर्च्या टाकतेय. दिसेल न दिसेल, आमरस उरलाय, या.
– बॉथेलहून