जुना बर्गलर अलार्म काढायचाय, वायरी कापल्या तर चालेल?

गोरेगाव_पूर्व
रिसेलचा फ्लॅट घेतलाय. पॅसेजमध्ये लोखंडी डब्यात पॅनेल, दाराशी कीपॅड, दोन मोशन सेन्सर, खिडकीच्या ग्रिलला सायरन. आधीच्या मालकाला कोड आठवत नाही. एमसीबी पाडला तरी कीपॅड टुकटुक करतोच.

परळ_वायरमन
कापू नका. डब्याच्या तळाशी १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी असते, तिच्यावर ते चालतंय. आधी सायरनला किती वायरी जातात ते बघा. दोनच असतील तर बहुधा साधा हूटर, पॅनेल मेलं की तोही गप्प. चार किंवा जास्त असतील तर आत वेगळी बॅटरी आणि टॅम्पर स्विच (झाकण उघडलं की अलार्म वाजवणारा) असू शकतो. पॅनेलकडून येणारं व्होल्टेज गेलं की असा सायरन कोकलायला लागतो. कोड नसेल तर थोडा वेळ वाजणारच. दुपारी करा, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, कानात इअरप्लग घाला.

क्रम असा: एमसीबी बंद, डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट येतात त्या टर्मिनलवर टेस्टर लावून खात्री. मग सायरनचं झाकण उघडून आतल्या बॅटरीचा कनेक्टर ओढा. त्यानंतर पॅनेलच्या बॅटरीची काळी वायर, मग लाल. दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप. ती एकमेकांना चिकटली तर ठिणगी पडून वायर तापते. बॅटरी फुगून डब्यात अडकली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, आत ॲसिड आहे. डबाच भिंतीवरून उतरवा. २३० व्होल्टची वायर डब्यात थेट आली असेल तर टोकं कनेक्टरमध्ये बंद करून जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. टेप गुंडाळून प्लास्टरखाली गाडणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग, तो नको.

गोरेगाव_पूर्व
सायरन ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला आहे, सातवा मजला.

परळ_वायरमन
मग बाहेर वाकू नका. हात आतून पोचत नसेल तर हार्नेसवाला माणूस बोलवा.

कांदिवली७८
पॅनेलमध्ये सिम आहे का बघा. असेल तर लाइट जाताच जुन्या मालकाला मेसेज किंवा फोन जाईल, त्यांना कळवून ठेवा. बॅटरी कचऱ्यात टाकू नका, बॅटरीवाला जुनी घेतो, थोडे पैसेही सुटतात. बाहेरच्या भिंतीतलं भोक पावसाळ्याआधी बुजवा, नाहीतर पाणी त्याच वायरीवरून आत येतं. आणि छतावरचा स्मोक डिटेक्टर बिल्डिंगच्या फायर अलार्मचा असेल तर त्याला हात लावू नका, आधी सोसायटीला विचारा.