'जबाबदार सरकार' म्हणजे गुणी सरकार का?

शब्दवेडी: लुई-इपोलित लाफोंतेन या कॅनडातल्या फ्रेंचभाषक नेत्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. १८४८मध्ये रॉबर्ट बाल्डविन या इंग्रजीभाषक नेत्याच्या जोडीने त्याने कॅनडात 'जबाबदार सरकार' आणलं, असं लिहिलं. आईने वाचून विचारलं, "म्हणजे आधीचं बेजबाबदार होतं?" मला म्हणायचंय की मंत्रिमंडळ गव्हर्नरच्या मर्जीवर नाही, निवडून आलेल्या सभेच्या विश्वासावर टिकणार. शब्द सुचवा.

जुना वकील: शब्द आहेच की. १९१७च्या माँटेग्यू घोषणेतली 'जबाबदार राज्यपद्धती' आपण सगळ्यांनी शाळेत घोकलीय. 'सरकार' काढा, 'राज्यपद्धती' घाला.

गीर्वाण: फारसीची हौस कशाला? उत्तरदायी म्हणा.

खारेदाणे: उत्तरदायी ऐकलं की मला आधी उत्तरकार्य आठवतं. शिवाय हिंदी बातम्यांचा वास येतो.

गीर्वाण: संस्कृत शब्द हिंदीच्या सातबाऱ्यावर कधी चढवलात?

जुना वकील: अहो, 'जाब विचारणे'तला जाब म्हणजे हाच जबाब. ज्याला जाब विचारता येतो तो जबाबदार. इथे अगदी तेच हवंय. 'गुणी मुलगा' हा अर्थ मागून चिकटला असावा, प्रगतिपुस्तकांच्या कृपेने!

शब्दवेडी: मग 'विधिमंडळाला जबाबदार मंत्रिमंडळ' लिहू?

खारेदाणे: 'अपघाताला जबाबदार चालक', तसं? २५ एप्रिल १८४९ला जमावाने माँट्रियलमधलं विधिमंडळ जाळलं. तुमच्या लेखात 'आगीला जबाबदार' येणारच. मग कोण कशाला जबाबदार?

टोरंटोकर: ती आगच तुमच्या शब्दाचा अर्थ सांगते. १८३७-३८च्या बंडात खालच्या कॅनडात (म्हणजे आजच्या क्वेबेकमध्ये) ज्यांचं नुकसान झालं, त्यांना भरपाई देणारा कायदा लाफोंतेनने मंजूर करून घेतला. गव्हर्नर एल्गिनला तो अडवता आला असता. पण सभेत बहुमत आहे म्हटल्यावर त्याने सही केली, आणि चिडलेल्या इंग्रज टोरींनी (सनातनी पक्षवाल्यांनी) त्याच्या बग्गीवर अंडी फेकली, मग ती आग लागली. (हाच एल्गिन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय, १८६३मध्ये धरमशालेला वारला.) आणि लाफोंतेन आमच्या बाजूचाही बरं का! १८४१मध्ये तेरबोनला विरोधकांचे दांडगे लोक मतदानाच्या जागी उभे राहिले, रक्तपात नको म्हणून याने माघार घेतली. मग बाल्डविनने त्याला टोरंटोच्या उत्तरेला यॉर्कमधून उभं केलं. इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी फ्रेंच माणूस निवडून दिला.

गीर्वाण: बंड? उठाव म्हणा. १८५७ला कुणी बंड म्हटलं की तुम्हीच अंगावर येता.

जुना वकील: लाफोंतेनला सशस्त्र मार्ग पसंत नव्हता. तरी १८३८च्या नोव्हेंबरात त्याला पकडलं आणि खटला न चालवता सोडलं. त्याला विचारलं असतं तर 'बंड'च म्हणाला असता.

गीर्वाण: फ्रेंचमध्ये म्हणाला असता. १८४२मध्ये सभेत इंग्रजीत बोला म्हटलं, तरी तो फ्रेंचमध्येच बोलला. याला म्हणतात भाषाभिमान!

जुना वकील: त्याच्या फ्रेंचमध्ये उसने शब्द नव्हते होय?

शब्दवेडी: बंड-उठावाचं वेगळीकडे काढा हो. लेख उद्या द्यायचाय आणि आई दर तासाला विचारतेय, मिळाला का शब्द.

खारेदाणे: म्हणजे तुम्ही आईला जबाबदार.