टोकियोत मिशलिनवालं रामेन, खरंच परवडतं का?

मी आणि बायको एप्रिलमध्ये टोकियोला चाललोय, मिशलिन स्टार (मिशलिन या हॉटेलांच्या गाइडचा मानाचा तारा) मिळालेलं रामेन, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्स, हजारेक येनमध्ये मिळतं असं ऐकलं, खरंय की नुसतीच हवा? आणि बायको प्युअर व्हेज आहे, तिचं काय?

बटाटेवडा_टोकियो: खरंय. तेव्हा टोकियोतल्या सुगामो भागात असलेल्या त्सुताला 2016 च्या मिशलिन गाइडमध्ये स्टार मिळाला, रामेनच्या दुकानाला मिळालेला जगातला पहिला. मग ओत्सुका भागातल्या नाकिर्यू या दुकानाला 2017 च्या गाइडमध्ये. त्यांचं तानतानमेन म्हणजे तीळ आणि मिरचीचा झणका, आपल्या जिभेला लगेच पटतं. दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकून जेवणाचं तिकीट काढायचं, सुट्टे येन जवळ ठेवा! रांग मात्र दीड-दोन तास, मी उपाशीपोटी उभा होतो आणि पुढचा माणूस निवांत पुस्तक वाचत होता.

मिसळप्रेमी: तिथे रामेनवाल्यांना हजाराच्या वर भाव न्यायची भीतीच वाटायची, 'हजार येनची भिंत' म्हणतात त्याला. आता महागाईत ती ढासळतेय, त्यामुळे थोडे जास्त धरून चला. फुर्रर्र आवाज करत खा, कोणी डोळे वटारत नाही. आणि खाऊन झालं की उठा, गप्पा बाहेर.

बटाटेवडा_टोकियो: वहिनींसाठी टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं रामेनचं दुकान आहे, पूर्ण व्हीगन. बाकीकडे 'व्हेजिटेबल रामेन' दिसलं तरी फसू नका, वर भाज्या असल्या तरी सूप बहुतेक डुकराच्या हाडांचं, कोंबडीचं नाहीतर सुक्या माशाचं असतं.

मूळ प्रश्नकर्ता: मग मी रांगेत आणि ती स्टेशनात, झालं हनिमून 😅