फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय, स्क्रीनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं झाली, साताऱ्याच्या आसपासच्या रानफुलांचे फोटो काढतोय. कॅमेरा निकॉन डी5600, सगळे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). एडिटिंग लाइटरूम क्लासिकमध्ये, फोटोशॉप क्वचितच.

सध्याच्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे. कास पठारावरून आलो की तीन-चारशे फोटो, एकेक फाइल 25 एमबीच्या घरात. मशीन हँग होतं, पण ते मी सोसत आलोय. खरं दुखणं रंगांचं आहे. मागच्या महिन्यात तेरड्याचा एक फोटो आईच्या खोलीसाठी मोठा प्रिंट करून घेतला. स्क्रीनवर फिका दिसत होता म्हणून मी गुलाबी वाढवत गेलो. हातात आला तो भडक राणी रंग, पाकळ्यांवरच्या बारीक शिरा पार बुजलेल्या. लॅबवाल्या दादांनी त्यांच्या स्क्रीनवर फाइल उघडली, तिथेही तसाच. घरी येऊन शोधलं तर माझ्या स्क्रीनचा पॅनेल 45 टक्के एनटीएससीवाला (कमी रंग दाखवणारा) निघाला. म्हणजे एसआरजीबीतले (स्क्रीनसाठीचा नेहमीचा प्रमाणित रंगसंच) जेमतेम दोन तृतीयांश रंग तो दाखवतो. फार वाईट वाटलं, चार वर्षांचं एडिटिंग असल्या स्क्रीनवर केलंय.

बजेट एक लाखापर्यंत. दोन पर्याय डोक्यात आहेत.

मॅकबुक एअर, 16 जीबी रॅम/256 जीबी स्टोरेज. स्क्रीन पी3, म्हणजे एसआरजीबीहूनही जास्त रंग दाखवणारी, त्यामुळे रंगांची काळजी नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही आणि कासची एक फेरीच 10 जीबी खाते. फोटो बाहेरच्या एसएसडीवर ठेवून लाइटरूम वापरणारं कोणी आहे का? रोजच्या कामात अडतं का?

दुसरा, ओएलईडी स्क्रीन आणि आरटीएक्स 4050 ग्राफिक कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप. धुक्यातले फोटो वाढीव आयएसओवर काढावे लागतात, त्यामुळे एआय डिनॉइज (फोटोत येणारे दाणे काढणं) खूप लागतं आणि तिथे ग्राफिक कार्डाचा उपयोग होईल. भीती एवढीच की लाइटरूमच्या कडेच्या त्याच पट्ट्या तासन् तास समोर राहून स्क्रीनवर डाग पडतील का? दोन-तीन वर्षं ओएलईडी वापरलेल्यांनी जरूर सांगा.

मॉडेल सुचवताना पॅनेल कोणता तेही लिहा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळे पॅनेल येतात. आणि साताऱ्यात किंवा पुण्यात कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग अचूक करून देणारं यंत्र) भाड्याने मिळतो का?

ऑगस्टअखेर पठार फुलायला लागेल, त्याआधी घ्यायचाय.