मळी की काकवी? (बार्बाडोसच्या रमचा अनुवाद)

अनुवाद_चालू :
नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरच्या रमच्या इतिहासाचा अनुवाद करते आहे. मोलॅसिसला मी सगळीकडे 'मळी' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'काकवी' केलं. मळी म्हटलं की वाचकाला घाण आठवते, असं त्यांचं म्हणणं. आता वाक्य असं झालंय : 'साखर मातीच्या निमुळत्या भांड्यांत भरून ठेवत. तळाच्या भोकातून काकवी ठिबकत राही आणि त्या काकवीची दारू गाळत.'

माझ्या आजोळी, चिपळूणजवळ, काकवी घावनाबरोबर वाटीत घेतात. तिच्यातली साखर तिच्यातच असते. साखरेचे खडे बाजूला झाल्यावर जे निथळतं त्याला काकवी म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात? अंक छपाईला जायला आठ दिवस आहेत.

कृष्णाकाठ :
मळीच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, दुसरा शब्द कानावर आला नाही. मळीची टाकी, मळीचा टँकर, आता इथेनॉलमुळे पेपरातसुद्धा बी-हेवी मळी, म्हणजे साखर पुरती न काढलेली. थंडीत नमुना काढायला पळी बुडवली की ती वर ओढताना मनगट दुखायचं, आणि धार तुटता तुटत नसे. जिभेवर आधी गोड, मग खारट, शेवटी कडू. काकवी खाल्लेल्या माणसाला या दोन्हींत घोटाळा व्हायचा नाही.

शिवार :
काका, राग मानू नका, पण आमच्या राहुरीकडे मळी म्हणजे प्रेसमड. रस स्वच्छ केल्यावर उरतो तो काळपट गाळ. कारखान्यातून ट्रॉली भरून आणायची आणि कुजवून रानात टाकायची. 'यंदा दोन ट्रॉल्या मळी टाकली' म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांसमोर दारूची टाकी येत नाही. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीलाही मळीच म्हणतात. ताई, सरळ 'मोलॅसिस' लिहा. दहावी झालेल्या प्रत्येकाला कळतं.

शब्दसाधक :
मोलॅसिस हा शब्द पोर्तुगीज 'मेलासो'वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'मेल' म्हणजे मध आहे. म्हणजे त्यांनीसुद्धा आपल्या जुन्या शब्दालाच नवं काम दिलं. आपण का देऊ नये? आपल्याकडे तर रमलाही शब्द तयार आहे : गौडी. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार दिले आहेत, गौडी, पैष्टी आणि माध्वी. उसाच्या रसाच्या मद्याला 'सीधु' असाही शब्द होता. हे सगळं हाताशी असताना 'रम, मोलॅसिस, डिस्टिलरी' अशी रांग लावणं मला सहन होत नाही. आसवणी हा शब्द कुठे गेला?

कृष्णाकाठ :
आसवणी कुठेही गेलेली नाही, आमच्या फाटकावरच्या पाटीवर होती. पण गौडी गुळाची. गुळात साखर असतेच, म्हणजे काकवीला जी हरकत तीच गौडीला. शिवाय 'बार्बाडोसची गौडी' वाचून कुणाला काय कळणार?

गुऱ्हाळघर :
सगळे कारखान्यातच अडकलात, म्हणून लिहितो. आमचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात. चुलवाण पेटलं की काहिलीत रस तापायचा. वडील रानभेंडीचं चिकट पाणी घालायचे आणि थोड्या वेळात वर हिरवट-काळी साय जमायची. ती झाऱ्याने काढायची. या सायीलाच आम्ही मळी म्हणतो! बाजूच्या डब्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली तर तिला आंबूस वास सुटायचा, माश्या घोंगावायच्या.

आता बार्बाडोस. रिचर्ड लिगन नावाचा इंग्रज 1647 ते 1650 तिथे होता आणि 1657 मध्ये त्याने बेटाचं वर्णन छापलं. इंग्रजांना तिथे वस्ती करून जेमतेम वीस वर्षं झाली होती, उसाचा धंदा नुकता जोर धरत होता. तो सांगतो की रस एका ओळीतल्या काहिलींमधून उकळत पुढे न्यायचे. पहिल्या दोन काहिलींवरची मळी फेकून द्यायचे. पुढच्या तिन्हींवरची दारू गाळायच्या घराकडे सोडायचे आणि आंबट होईपर्यंत ठेवायचे. मगच ती भट्टीवर चढे. म्हणजे ज्या मळीला संपादक घाण म्हणतात, तीच तिथे भट्टीवर चढत होती. ताई, तुमचा शब्द चुकलेला नाही. तो तुम्हाला वाटतो त्याहून जास्त बरोबर आहे.

शिवार :
हे माहीत नव्हतं. पण मग एका शब्दाचे तीन अर्थ झाले : साय, गाळ आणि निथळलेला पाक. वाचकाने कुठला घ्यायचा?

पणजीची :
लिगनच्या त्याच वर्णनात दोनदा गाळण्याचं आहे. पहिली धार कमजोर, ती पुन्हा भट्टीवर चढवायची. इंग्रजीत तिला 'लो वाईन' म्हणतात. गोव्यात काजूच्या बोंडांची पहिली धार म्हणजे उराक, पुन्हा गाळली की फेणी. अनुवादात 'लो वाईन'चं 'हलकी वाईन' करू नका. ती वाईन नव्हेच.

शब्दसाधक :
मराठीत 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक, अस्सल. इथे पहिली धारच कमजोर. हा शब्दप्रयोग नेमक्या कुठल्या भट्टीवरून आला असेल?

पणजीची :
हातभट्टीवर एकदाच गाळतात. सुरुवातीला येते ती कडक, पुढे पाणचट होत जाते. ती एकाच गाळपातली पहिली धार. उराक म्हणजे पहिलं गाळप. दोन वेगळ्या गोष्टी.

अनुवाद_चालू :
गुऱ्हाळघर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद संपादकांना जसाच्या तसा पाठवला.

आणखी एक अडलंय. रमचं तिथलं जुनं नाव 'किल-डेव्हिल'. दुसरं 'रम्बुलियन', त्याचाच तुकडा पडून 'रम' झालं असं बहुतेक मानतात. किल-डेव्हिलला मी 'सैतानमार' केलंय. कसं वाटतं?

शब्दसाधक :
सैतानमार उत्तम! रम्बुलियनचा एक अर्थ दंगा, धुमाकूळ असा देतात. लॅटिन 'सॅकॅरम' (साखर) शब्दाचं शेपूट म्हणजे रम, असं सांगणारेही आहेत, ते मला ओढूनताणून वाटतं. मला तर त्यात आपला संस्कृत 'रम्' (रमणे) धातू दिसतो.

कृष्णाकाठ :
तो धातू त्या बेटावर नेला कुणी?

पणजीची :
किल-डेव्हिलचं फ्रेंचांच्या तोंडी 'गिल्दीव' झालं. हैतीत रमच्या छोट्या भट्टीला अजून तेच नाव आहे. हॉस्पिटलचं इस्पितळ झालं तसंच. अनुवादात ते मूळ रूप एकदा तरी राहू द्या, म्हणजे हा प्रवास दिसेल.

केन्सिंग्टन_2024 :
मी 29 जून 2024 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा अंतिम सामना बघायला बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी एका रम शॉपमध्ये बसलो. रंगीत लाकडी खोली. फडताळात एका बाजूला रमच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला कॉर्न्ड बीफचे डबे आणि साबण. लहान बाटली घ्यायची, सोबत बर्फाचं भांडं मिळतं, ती चौघांत वाटायची. कोपऱ्यात म्हातारे डॉमिनो खेळत होते, सोंगटी टेबलावर अशी आपटायचे की पेले हलत. एका आजींनी रम पंचचं माप म्हणून दाखवलं : एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. वरून जायफळ. लिंबाला एक, पाकाला दोन, रमला तीन, पाण्याला चार. आम्ही जिंकलो म्हणून पैसे घेईनात. ताई, रम शॉपचं 'दारूचा गुत्ता' करू नका, कळकळीची विनंती. गुत्त्यावर माणूस तोंड लपवून जातो. इथे मुलं तेल-मीठ न्यायला येत होती.

मराठवाडी :
आमच्याकडे गुत्ता म्हणजे ठेका. रस्त्याचा गुत्ता, नालीचा गुत्ता, आणि तो घेणारा गुत्तेदार. सरकारकडून दारू विकायचा ठेका घेतला म्हणून दारूचा गुत्ता. शब्दात लाजिरवाणं काही नाही.

केन्सिंग्टन_2024 :
मुळात नसेल. पण पुण्या-मुंबईचा वाचक काय ऐकतो? अर्थ वाचकाच्या कानात असतो.

शिवार :
हेच मी मळीबद्दल म्हणत होतो.

शब्दसाधक :
पंच हा शब्द आपल्या 'पाच'चा आहे, हे इथे कुणी कसं लिहिलं नाही? आंबट, गोड, कडक, पातळ आणि जायफळ. पाच.

कृष्णाकाठ :
त्यावर अभ्यासकांत एकमत नाही. पिंपासाठी 'पंचन' असा इंग्रजी शब्द आहे, त्यावरून आलं असंही मानतात.

अनुवाद_चालू :
सगळ्यांचे प्रतिसाद वाचते आहे. संपादकांचा फोन आला होता. मळीबद्दल 'बघू' म्हणाले. पण दुसरीकडे त्यांनी एक शब्द बदललाय आणि त्यावर मी अडून बसले आहे. लिगनने लिहिलंय की एक गुलाम रात्री भट्टीघरातून रम घेऊन आला. ती पिंपात ओतताना त्याने मेणबत्ती जवळ धरली, वाफेने पेट घेतला आणि तो जळून मेला. लिगनने ते 'आमचा एक उत्तम नीग्रो गेला' अशा, मालमत्तेच्या हिशोबाने लिहिलं आहे. संपादकांनी 'गुलामा'चं 'मजूर' केलं, वाचकाला जड जाऊ नये म्हणून. बार्बाडोसमध्ये गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने संपली, आणि त्यानंतरही 1838 पर्यंत 'उमेदवारी'च्या (अप्रेंटिसशिपच्या) नावाखाली त्या गुलामांना त्याच मळ्यांत राबवलं. मजूर म्हटलं की ही सगळी वर्षं पुसली जातात.

गुऱ्हाळघर :
गुलामच ठेवा. मळी गेली तरी चालेल.

पणजीची :
सहमत. मात्र त्या काळात कराराने बांधलेले गोरे नोकरही मळ्यांत होते, त्यांना वेगळा शब्द लागेल. सतराव्या शतकात इंग्लंडवर क्रॉमवेलची सत्ता होती, त्या काळात आयर्लंडमधून माणसं धरून त्या बेटावर पाठवत, तेव्हा इंग्रजीत 'बार्बाडोस करणं' असं क्रियापदच झालं होतं.

कृष्णाकाठ :
काळ्या पाण्यावर पाठवणं. अनुवाद तयार आहे.

शब्दसाधक :
नाही, काळं पाणी म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा. यांतल्या अनेकांवर खटलाच चालला नव्हता. 'वेठीला धरून नेलं' म्हणा.

मराठवाडी :
वेठ गावातल्या गावात असते हो, समुद्रापार नाही. आणि माझं राहूनच गेलं : 'गुत्ता' आपल्याकडे तेलुगूतून आला की कन्नडमधून? नांदेडला आणि उदगीरला वेगवेगळं ऐकलंय.