फायनल्सच्या तोंडावर पाठीचं दुखणं: खेळवायचं की नाही, हे क्लबने ठरवावं का?

ब्रिस्बेनकर
सप्टेंबर उजाडला की एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेत, ठरलेली बातमी येते: अमुक खेळाडू पाठीच्या दुखापतीतून सावरतोय, काल पळाला, उद्या टॅकलचा (चेंडूवाल्याला पकडून पाडण्याचा) सराव करेल, फायनलला नक्की दिसेल. चाहते खूश. मला मात्र काळजी वाटते. डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला हादरा) झालं तर ११ दिवस बाहेर बसण्याचा नियम आहे. सामना चालू असताना स्वतंत्र डॉक्टर पडद्यावर बघून खेळाडूला तपासणीसाठी बाहेर बोलावू शकतो. कंबरेच्या डिस्कसाठी (मणक्यांमधल्या गादीसाठी) असं काहीच नाही. तिथे क्लबचा डॉक्टर, प्रशिक्षक आणि खेळायला उतावीळ झालेला खेळाडू असे तिघं मिळून ठरवतात, आणि तिघांनाही फायनल हवी असते.

रग्बी लीगमध्ये कंबरेला उसंत नसते. चेंडू घेऊन धावलात की दोन-तीन जण अंगावर, प्रत्येकी शंभर किलोच्या आसपास. त्यांच्याखालून वळवळत उठायचं, वाकून चेंडू जमिनीवर ठेवायचा, टाचेने मागे सारायचा आणि लगेच रांगेत धावायचं. पुढच्या फळीतल्या खेळाडूला याशिवाय तीस-चाळीस टॅकल करावे लागतात ते वेगळेच. निर्णय बाहेरच्या डॉक्टरकडे द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

रूस्टर्सप्रेमी
अजिबात पटलं नाही. २०१८ आठवा. साउथ सिडनीविरुद्धच्या सामन्यात आपल्या सिडनी रूस्टर्सच्या कूपर क्रॉंकच्या खांद्याचं पातं मोडलं आणि आठ दिवसांनी तो ग्रँड फायनलला (विजेतेपदाच्या सामन्याला) उभा होता, तेही स्वतःच्याच जुन्या मेलबर्न संघासमोर. हात धड उचलता येत नव्हता. चेंडूला फारसा शिवलाही नाही, पण मागे उभं राहून सगळ्यांना जागा दाखवत राहिला. त्याचा जोडीदार ल्यूक कीअरीने खेळ हाती घेतला, २१-६ ने आपण जिंकलो. बाहेरच्या डॉक्टरने सही केली असती का? कधीच नाही. अहो, तो ३४ वर्षांचा जाणता माणूस होता, शरीर त्याचं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद मिळवूनच निवृत्त झाला.

न्यूकॅसलची_वहिनी
खांद्याचं पातं आणि मणका एका तागडीत तोलू नका. आमच्या न्यूकॅसल संघाच्या अँड्र्यू जॉन्सचंच बघा ना. १९९७ च्या ग्रँड फायनलला तुटलेल्या बरगड्या आणि इजा झालेलं फुप्फुस घेऊन खेळला. शेवटच्या क्षणी त्याच्याच पासवर डॅरेन अल्बर्टने ट्राय केला (गोलरेषेपार चेंडू टेकवला), मॅनली संघाला २२-१६ ने हरवलं, अख्खं गाव रस्त्यावर आलं. पण २००७ मध्ये मानेतली डिस्क सरकलेली दिसली तेव्हा हाच माणूस डॉक्टरांचं ऐकून थांबला. बरगडीसाठी जीव पणाला लावणारा मानेसाठी थांबतो, यातच सगळं आलं.

फिजिओ_सिडनी
दोन्ही बाजूंनी घाई होतेय. एमआरआयमध्ये डिस्क फुगलेली दिसणं म्हणजे आजार असं नसतं. ज्यांना काडीचाही त्रास नाही अशा कितीतरी लोकांच्या स्कॅनमध्ये ते दिसतं. झोपून राहिल्याने पाठ बरी होत नाही, हळूहळू भार वाढवल्याने होते. त्यामुळे पाठ दुखते म्हणून सरसकट बंदी घालणं चुकीचं. पण पाय बधिर होणं, पाऊल उचलताना लुळं पडणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही असेल तर खेळाचा विषयच संपला. आणि इंजेक्शनने कंबर बधिर करून उतरवायला माझा ठाम विरोध आहे. दुखणं हीच त्या वेळची राखण असते, तीच काढून टाकली तर खेळाडूला थांबायचं कधी ते कळणार कसं?

रूस्टर्सप्रेमी
सचिन १९९९ ला चेन्नईत पाठ आखडलेली असताना १३६ करून गेला, त्याचं कौतुक करताना आपण कोणाची सही मागितली नव्हती.

ब्रिस्बेनकर
सचिनला चेंडू मारायचा होता, त्याच्यावर तीन माणसं पडत नव्हती. फिजिओताईंचं मला पटतं, बंदी मलाही नकोय. मंगळवारी संघ जाहीर होण्याआधी क्लबच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने पायातली ताकद आणि संवेदना तपासावी, टॅकलचा पूर्ण सराव स्वतः बघावा आणि लेखी होकार द्यावा. एका दिवसाचं काम आहे.

रूस्टर्सप्रेमी
तपासणीला माझी हरकत नाही. पण धोका नीट समजावून सांगितल्यावरही खेळाडू "मी उतरतो" म्हणाला, तर शेवटचा शब्द त्याचाच. इथे मी मागे हटणार नाही.

न्यूकॅसलची_वहिनी
आणि मी म्हणते, मणक्याच्या बाबतीत तो त्याचा नसावा. फायनलच्या आठवड्यात "नाही" म्हणणारा खेळाडू मी तरी पाहिलेला नाही.