बसला मागे डेक केला, पाणी आत येतंय – मदत हवी आहे (अर्जंट)

बिऱ्हाडकर:
जुन्या बसचं घर केलंय. मागच्या दाराबाहेर आठ बाय सहा फुटांचा डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, काढला. पहिल्याच मोठ्या पावसात दारातून पाणी आत आलं, पलंगाखालचं प्लाय फुगलं. सिलिकॉन दोनदा भरून झालं. कुठला सीलंट टिकेल तेवढंच सांगा. शनिवारी पाहुणे येताहेत.

सव्वालाख:
सीलंट सोडा, पासिंगचं काय केलंत? मागच्या आसापासून शेपटीपर्यंतचं अंतर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांच्या आत लागतं. २२२ इंची व्हीलबेसला ते ३.३८ मीटर होतं. बॉडीच जवळपास तिथवर येते, वर तुमचा सहा फुटी डेक! शिवाय गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

बिऱ्हाडकर:
अहो, बस चालत नाही. इंजिनच नाही तिला. शेतात उभी आहे.

सव्वालाख:
मग हे आधी लिहायचं ना राव!

कोकणी मेवा:
डेकला फळ्या कुठल्या वापरल्यात? आम्ही डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या) टाकलं, एप्रिलमध्ये पाय ठेवता येत नाही. ऐनाच्या फळ्या घ्या, दर दिवाळीला तेलाचा हात मारा.

लोहारकाम:
फळ्यांचं नंतर बघा. दादा, डेक कशावर उभा आहे? आणि दार बाहेर उघडतं की आत?

बिऱ्हाडकर:
बाहेर. एसटीचं ते संकटकाळी बाहेर पडायचं दार असतं तेच. हल्ली अर्धंच उघडतं, खाली फळीला घासतं. डेकला बाहेरच्या बाजूला दोन खांब आहेत, आतली बाजू चॅसीला वेल्ड केली.

लोहारकाम:
कळलं. तुमची बस खचलीय, डेक नाही. खांब जागच्या जागी, बस खाली, म्हणजे डेकचा उतार दाराकडे झाला. दार बाहेर जाताना चढावर घासतं आणि पाणी उंबऱ्यात. सीलंटचा ट्रक ओतलात तरी येणारच. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी लावून मोजा. मागे वजनदार काय ठेवलंय?

बिऱ्हाडकर:
न्हाणीघर, आणि ५०० लिटरची टाकी.

लोहारकाम:
म्हणजे भरली की अर्धा टन! खाली काळी माती असेल तर विचारूच नका, पावसात फुगते, उन्हात आकसते.

हिरवळ:
टाकी टपावर का नाही ठेवली? प्रेशर पण मिळतं. मी गीझर पण वरच बसवलाय.

लोहारकाम:
ताई, टपावर अर्धा टन? नको. बिऱ्हाडकर, टाकी रिकामी करा. आसाखाली काँक्रीटचा रुंद पाया घाला, जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर बस टेकवा. नुसत्या जॅकवर असताना कोणी खाली शिरायचं नाही. चॅसीचं वेल्डिंग कापा. डेकला आतल्या बाजूनेही दोन खांब द्या, बसपासून इंचभर लांब; फळ्या उंबऱ्याच्या दीड इंच खाली, उतार बाहेर. डेक आणि बस एकमेकांना चिकटता कामा नयेत. बस हलणारच, तिला हलू द्या.

पत्र्या:
आमच्याकडे सगळं वेल्ड केलंय, चार वर्षं काही झालं नाही.

लोहारकाम:
तुमची बस मुरमावर असेल.

पत्र्या:
कातळावर आहे.

लोहारकाम:
मग बोलूच नका.

सव्वालाख:
त्या दारालगतच्या शेवटच्या बाकावर लहानपणी अख्खा प्रवास उड्या मारत केलाय मी. मागच्या आसापलीकडचा भागच जास्त उसळतो.

बिऱ्हाडकर:
नळी लावली. सहा फुटांत पावणेतीन इंच, उतार आतल्या बाजूला. काम करणारा म्हणतो, 'पॅच मारून देतो'. नको म्हटलं. वेल्डिंग कापलं तेव्हा डेकची कड खटकन वर उसळली, अंगठा थोडक्यात वाचला. डेक सध्या बाजूला काढलाय. दार आता पूर्ण उघडतं, पण खाली चार फुटांची उडी आहे. पाहुण्यांना पुढूनच घेतोय.

कोकणी मेवा:
सगळं ठीक. पण फळ्या कुठल्या, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.